कर्करोग, विषाणू आणि पेशीतील चूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात पाककृती, भरतकाम, नाहीतर संतांच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने मला आरोग्यावर बोलावयास सांगितले, तेव्हा कर्करोग हा विषय मी मागून घेतला. "शुभ दिवशी त्या रोगाचे नाव कशाला?" असे एक-दोघी म्हणाल्याही. पण नाव घेतले नाही म्हणून तो काही दाराबाहेर थांबत नाही. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या रोगाचे कारण सापडलेले आहे, त्यावर लस निघालेली आहे आणि तो होण्याच्या आधीच हुडकता येतो. असे असून इतक्या बायका जाव्यात, याला काय म्हणावे? अशा रोगाविषयी गप्प बसणे हेच मला अशुभ वाटते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जे वाचले आणि समजून घेतले ते मी आपल्या घरातल्या शब्दांतच सांगणार आहे.

आपले शरीर म्हणजे लहान लहान पेशींचे मोठे गाव. प्रत्येक पेशी हे एक घर. घरात जशी चूल, तशी पेशीत तंतुकणिका असते. इंग्रजीत तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. एका पेशीत अशा चुली शेकड्यांनी असतात. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते, ती रक्तातून पेशीत येते, श्वासातून आलेल्या प्राणवायूवर या चुलीत पुरती जळते आणि पेशीला कामाची शक्ती मिळते. ही चूल मोठी नवलाची आहे. तिच्याजवळ स्वतःची अशी ३७ जनुके आहेत, आणि ती आपल्याला मिळतात आईकडून. मुलगा असो की मुलगी, पेशीतली चूल येते ती आईची, आईला तिच्या आईची. सासरी येताना आपण काय काय आणले याच्या याद्या होतात, पण हे आहेर कोणी यादीत धरत नाही.

चुलीत हजारावर निरनिराळी प्रथिने राबत असतात. त्यांतली १३ तिच्या स्वतःच्या जनुकांतून तयार होतात आणि बाकीची पेशीकडून येतात. कोणी साखर जाळते, कोणी वारा घालते, तर कोणी दारावर पहारा देते. पहारेकऱ्यांची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून एवढे लक्षात ठेवा की ही चूल नुसती अन्न शिजवीत नाही. पेशी बिघडली, तिच्यात दुरुस्त न होणारा दोष शिरला, तर त्या घराचा शेवट करण्याचा निरोपही बहुधा या चुलीतूनच निघतो. तिच्यात सायटोक्रोम-सी नावाचे एक प्रथिन असते. ते आत असते तोवर शक्ती निर्माण करण्याच्या कामी येते. तेच बाहेर सांडले की पेशी स्वतःला शांतपणे मिटवून टाकते. हे १९९६ साली उघडकीस आले. बिघडलेल्या पेशीने गावासाठी असे जाणे, यातच शरीराचे कल्याण असते.

आता कर्करोगाची पेशी काय करते ते पाहू. १९२० नंतरच्या वर्षांत जर्मनीत ओटो वारबुर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी गाठीचे पातळ काप घेऊन त्या पेशी किती साखर खातात ते मोजले. पुरेसा प्राणवायू असूनही त्या पेशी साखर पुरती जाळीत नाहीत, ती आंबवतात, आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात, असे त्यांना आढळले. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्याचा आंबटपणा. पळणाऱ्या माणसाच्या पायातही प्राणवायू कमी पडला की ते तयार होते. पण येथे वारा भरपूर असून चुलीऐवजी विरजणाचा कारभार! एका साखरेच्या कणापासून चुलीत शक्तीची सुमारे ३० नाणी मिळतात, तर आंबवण्यात मिळतात अवघी दोन. म्हणून ही पेशी साखर अधाशासारखी ओढते. मोठ्या दवाखान्यात पेट स्कॅन करतात, तो याच अधाशीपणावर चालतो. साखरेसारखा दिसणारा, किरणे टाकणारा पदार्थ टोचतात आणि जेथे तो जास्त ओढला जाईल ती जागा चित्रात उजळून दिसते.

एवढा तोट्याचा व्यवहार ती पेशी का करते? वारबुर्ग यांना वाटले की तिची चूलच मोडली आहे आणि तेच रोगाचे मूळ. पुढे असे दिसले की बहुतेक कर्करोगांत चूल मोडलेली नसते, चालूच असते, फक्त तिचे काम बदललेले असते. पाहा, लाकूड चुलीत घातले तर आच मिळते आणि राख उरते. तेच न जाळता ठेवले तर त्याचे खोपट बांधता येते. कर्कपेशीला घाई असते ती एकाची दोन, दोनांची चार घरे बांधण्याची. म्हणून ती साखर अर्धवट वापरून उरलेल्या मालातून नव्या पेशींचे लाकूड-विटा तयार करते, आणि चूलही त्याच बांधकामाला जुंपते.

मग पेशीला ही दुर्बुद्धी कोण देते? कारणे पुष्कळ आहेत : तंबाखू, वाढते वय, काही घराण्यांत चालत येणारे दोष. पण एक कारण विषाणू हे आहे. २०१८ सालच्या हिशेबात जगातल्या दर शंभर नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ विषाणू, जिवाणू अशा संसर्गांमुळे झालेले होते.

याचा शोध लागला तो एका कोंबडीमुळे. न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस नावाच्या डॉक्टरांकडे गाठ आलेली एक कोंबडी आणली होती. त्यांनी ती गाठ वाटली आणि पेशी व जिवाणूही पलीकडे जाणार नाहीत इतक्या बारीक गाळणीतून तिचा रस गाळला. तो रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही गाठी आल्या. हे १९११ साली छापून आले. पुष्कळ वर्षे कोणी त्याला फारसे मानले नाही. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी!

आपल्याकडेही या विषयावर काम झाले, आणि ते एका मराठी बाईंनी केले, हे सांगताना मला फार आनंद होतो. डॉ. कमल रणदिवे या १९१७ साली पुण्यात जन्मल्या आणि हुजूरपागेत शिकल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या मादीला स्तनाचा कर्करोग होतो त्यात विषाणूचा आणि शरीरातील स्रावांचा काय संबंध, हे त्यांनी अभ्यासले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उंदरांत हा विषाणू दुधातून पिलांकडे जातो. पण ही गोष्ट उंदरांची आहे बरे का! आपल्यापैकी कोणी बाळाला अंगावर पाजताना मनात शंका आणू नये. उलट अंगावर पाजणाऱ्या बाईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच होतो.

आता आपल्या विषयाकडे येते. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांमागे मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, असतो. जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली त्याची १६ नंबरची जात आणि १९८४ साली १८ नंबरची जात रोग्यांच्या गाठींत शोधून काढली. या दोन जातींमुळेच सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू अगदी दरिद्री. त्याच्याजवळ आठ-नऊ जनुकांचेच सामान. स्वतःच्या प्रती काढावयाची यंत्रेही नाहीत. म्हणून तो आपल्या पेशीत शिरून तिचीच यंत्रे वापरतो. पण ज्या पेशीत त्याला वाढावयाचे असते ती वाढ थांबवून स्वस्थ बसण्याच्या बेतात असते, तिची यंत्रे बंद होत आलेली असतात. ती चालू ठेवण्यासाठी विषाणू दोन प्रथिने सोडतो. एकाचे नाव ई-७, दुसऱ्याचे ई-६.

ई-७ जाऊन पेशीच्या आरबी नावाच्या लगामाला पकडते. लगाम सुटतो आणि पेशी वाढू लागते. पण पेशीच्या घरात एक कडक सासूबाई आहेत, त्यांचे नाव पी-५३. कारण नसताना वाढ सुरू झालेली दिसली की त्या "थांबा" म्हणतात, दोष असेल तर दुरुस्ती करवतात, आणि दुरुस्ती होत नसेल तर चुलीला निरोप धाडून पेशीचा शेवट करवतात. त्यांच्यासाठी ई-६ तयार असते. ते स्वतः मारामारी करीत नाही. घरातच मोडक्या प्रथिनांना कचऱ्यात टाकणारी व्यवस्था असते, तिच्याकरवी ते पी-५३ ला कचऱ्यात टाकवते. तेवढ्यावर न थांबता चुलीच्या दारावरचे बॅक नावाचे प्रथिनही ते त्याच वाटेने घालवते. दार उघडून सायटोक्रोम-सी बाहेर सोडावयाचे काम या बॅकचे. तोच गेला, मग शेवटचा निरोप निघणार कसा? घर बिघडले तरी उभेच राहते.

आणखी एक गोष्ट २००६ साली कळली. चुलीत प्राणवायू जेथे वापरला जातो ते भांडे जुळवण्यासाठी एससीओ-२ नावाचे प्रथिन लागते, आणि ते पुरेसे तयार व्हावे असा हुकूम पी-५३ देते. ज्या पेशींतून पी-५३ काढून टाकले त्यांची चूल मंदावली आणि त्या साखर आंबवण्याकडे वळल्या. म्हणजे एक सासूबाई घालवल्या की लगाम जातो, पहारा जातो आणि चुलीची शिस्तही जाते. वारबुर्ग यांनी पाहिलेले ते दही आणि राउस यांच्या गाळणीतून उतरलेला तो विषाणू, या दोन गोष्टी शंभर वर्षांनी अशा एका घरात भेटतात.

यात विषाणूचा हेतू कर्करोग करण्याचा नसतो. बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलूनही देते. दहांतल्या सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांत आपोआप जातात. जे राहतात त्यांतल्या काहींत विषाणूचे सामान आपल्या पेशीच्या गुणसूत्रात घुसून बसते. त्या ओढाताणीत ई-६ आणि ई-७ यांना आवरणारा त्याचाच भाग बहुधा तुटतो, आणि ती दोन्ही बेसुमार तयार होऊ लागतात. तरीही कर्करोग व्हावयास साधारण १५ ते २० वर्षे लागतात. पंधरा वर्षे, मैत्रिणींनो! एवढ्या काळात एकदाही तपासणीला न जाणे हे दैव म्हणता येत नाही.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५१ साली हेनरिएटा लॅक्स नावाची पाच मुलांची आई याच रोगाने वारली. वय अवघे ३१. तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी घेतल्या गेल्या, आणि त्या काचपात्रात वाढतच राहिल्या. आजही जगभर वाढत आहेत. जॉर्ज गाय यांच्या ज्या प्रयोगशाळेत त्या प्रथम वाढल्या, तेथेच आपल्या कमलताई पेशी वाढवण्याची विद्या शिकून आल्या. त्या पेशींत १८ नंबरचा विषाणू निघाला. २००० साली येल विद्यापीठात त्याच पेशींतील ई-६ आणि ई-७ बंद करून पाहिली. तेव्हा पी-५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागली आणि इतकी वर्षे न थांबलेल्या पेशींची वाढ थांबली. म्हणजे घरची शिस्त मेलेली नव्हती, दाबून ठेवलेली होती. हे वाचले तेव्हा मला त्या अनोळखी बाईची फार आठवण आली. तिला कोणी विचारले नाही, पण तिच्यामुळे किती जणींना कळले!

आता काही गैरसमजांविषयी बोलते, कारण त्यांनीही माणसे मरतात.

पहिला गैरसमज साखरेचा. "कर्करोगाला साखर लागते, तेव्हा रोग्याची साखर तोडा, भात तोडा, फळे तोडा," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. साखर खाणे थांबवले तरी शरीर दुसऱ्या अन्नातून आणि स्वतःच्या मांसातून साखर तयार करतेच. तिच्याविना आपला मेंदूही चालणार नाही. रोग उपाशी राहत नाही, रोगी मात्र उपाशी राहतो, आणि औषधे सोसण्याची ताकद गमावतो. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळावे. बाकी रोग्याला पोटभर, चांगले खाऊ घालावे.

दुसरा गैरसमज फार वाईट. माझ्या माहेरच्या एका आत्याची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती, आणि पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले. लाजेने ती वर्षभर कोणाला बोलली नाही. रोग कळला तेव्हा घरात तिची ताटवाटी वेगळी झाली. आणि हा रोग विषाणूने होतो असे कोणाच्या कानावर आले, तेव्हा तिच्या वागण्याविषयीच कुजबूज सुरू झाली. जिने सोळाव्या वर्षापासून एकच उंबरठा पाहिला, तिला म्हातारपणी हे ऐकावे लागले. त्या बोलण्याला भिऊन तिने उपचार अर्ध्यावर सोडले आणि ती गेली.

म्हणून स्पष्ट सांगते. हा विषाणू शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो, आणि तो इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्त्री-पुरुषाला आयुष्यात केव्हातरी होतो. एकाच नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईलाही होतो. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. त्यावरून कोणाच्या शीलाची परीक्षा होत नाही, बाईच्या नाही आणि पुरुषाच्याही नाही. आणि कर्करोग तर एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर बसल्याने, रोग्याची सेवा केल्याने लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे करणे हा निव्वळ क्रूरपणा आहे.

मग करावयाचे काय? त्याचे उत्तर दूर परदेशात शोधावयास नको. १९९९ सालापासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची विषाणूसाठी एकदा तपासणी केली, तेथे पुढल्या आठ वर्षांत या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, नेहमीप्रमाणे राहिलेल्या गटात दगावल्या ६४. एका तपासणीने मरण निम्म्यावर आले! आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या त्या बायका. त्यांच्यामुळे जगाला हे कळले.

दुसरी तपासणी व्हिनेगरची. पातळ व्हिनेगर गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबतात. बिघडू लागलेला भाग पांढरा दिसतो. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतील ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली, तीही शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांच्या हातून. २०१३ साली निकाल सांगितला गेला : मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पांढरा डाग म्हणजे कर्करोग असे मात्र समजू नये. पुढची तपासणी होते, आणि गरज असेल तर तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून काढतात. घरी जाऊन संध्याकाळचा स्वयंपाक करता येतो.

सरकारी धोरणाप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या स्त्रीने दर पाच वर्षांनी तपासून घ्यावे. पाळी गेल्यावर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी येणारा पांढरा जाणे, यांपैकी काही असेल तर पाच वर्षांची वाट न पाहता लगेच जावे.

आणि आपल्या मुलींसाठी लस आहे. तिच्यात विषाणूचे नुसते कवच असते. आत जनुके नसतात, म्हणून तिने रोग होत नाही. ९ ते १४ वर्षांच्या वयात, विषाणूशी गाठ पडण्याच्या आधी, ती देणे सर्वांत चांगले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अशी लस तयार केली असून तिला २०२२ साली मान्यता मिळाली. लस आधीच आलेल्या विषाणूला घालवत नाही, आणि सगळ्या जातींना अडवत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही पुढे वयाप्रमाणे तपासणी करावीच. लस कोठे व कशी मिळते ते आशाताईंना नाहीतर आरोग्य केंद्रात विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवले की २०३० पर्यंत शंभरातल्या ९० मुलींना लस मिळावी, ७० स्त्रियांची चांगली तपासणी व्हावी आणि रोग आढळलेल्यांपैकी ९० जणींना उपचार मिळावेत. जगाचे जग पाहील. आपण आपल्या आळीचे पाहू. माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी, तीस वर्षांवरील सर्व सभासदांची आणि शेजारणींची यादी करावी. पाच-पाच जणींनी मिळून तपासणीला जावे. एकटीला लाज वाटते, पाचजणी असल्या की वाटत नाही. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांची मुले त्या वेळी बाकीच्यांनी सांभाळावीत. मी पहिल्या पाचांत माझे नाव देते. अजून चार नावे आजच, चहा व्हायच्या आत, चिटणीसबाईंकडे यावीत.